जुन्या मापाच्या चोळ्या

१

कुंभकोणमात दुपारची एक वेळ अशी येते, की सगळं गाव पान तोंडात धरून गप्प बसलं आहे असं वाटावं. देवळांची दारं बंद, रस्ता पांढराफटक. मुरलीच्या कॉफीच्या दुकानातली चक्कीसुद्धा त्या वेळी थांबे. दुकानाच्या मागे घर, घरावर माडी, आणि खाली झोपाळ्यावर त्याची बायको राजेश्वरी.

आजारानंतर तिला दुपारच्या झोपेची सवय लागली होती. झोप कसली, ग्लानीच ती. डोळे मिटले की घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटे.

तिच्या मानेत आणि काखेत गाठी आल्या होत्या. तंजावूरच्या इस्पितळात औषधं झाली, मग मानेवर किरणं झाली. गाठी विरल्या. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "आता तुम्ही मोकळ्या." मोकळी झाली खरी, पण निराळ्याच अंगात. स्टिरॉइडांनी तोंड पुरीसारखं फुगलं. किरणांनी थायरॉइड मंदावलं आणि अंग चढत गेलं ते उतरेना. केस परत आले ते आखूड, कुरळे, दुसऱ्या कोणाचे तरी चुकून आल्यासारखे. बांगड्या मनगटावर चढेनात. ती पहाटे महामहम तळ्याला फेऱ्या घाली, भात निम्म्यावर आणला होता, तरी वजनकाटा आपला जागच्या जागी.

शिवाय लोक कौतुक करत. "बाळसें धरलेंस गे! आतां खरी बरी झालीस." ती हसून मान डोलवी आणि घरी येऊन आरशावर टॉवेल टाकी.

जूनमध्ये शाळेत पुन्हा रुजू व्हायचं होतं. मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवत असे. घालायला धड चोळी एक नव्हती. शिंपी म्हणाला, "जुन्या घेऊन या अम्मा. आत माया, दुमडलेलं जास्तीचं कापड, असेल तर उसवून सोडता येतील."

म्हणून ती कित्येक महिन्यांनी माडीवर गेली. प्रत्येक पायरीला धापा टाकत. कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक उघडली. सगळ्यांत वर तिरुभुवनमच्या रेशमाची लाखेच्या रंगाची चोळी होती, तिच्या आवडीची. तिनं ती उचलली आणि हात आखडता घेतला.

चोळी ओली होती. काखेत, पाठीवर, मानेच्या कडेला. आणि अजून कोमट.

तिनं नाकाशी धरली. वास तिचाच होता. आताचा नव्हे, औषधांनी तिच्या घामाचा वास पुसूनच टाकला होता. हा आधीचा, जरा आंबूस, चंदनाच्या पावडरीत मिसळलेला. आपलं नाव विसरलेल्या माणसाला कोणी मागून हाक मारावी, तशी ती त्या वासासरशी दचकली.

२

विज्ञानाची बाई होती ती. कारण शोधू लागली. छत गळत असेल, तर इतर कपडे कोरडे कसे? आणि छताच्या पाण्याला घामाचा वास कसा?

धुण्याभांड्याला येणाऱ्या शिवकामीला तिनं तमिळमध्ये विचारलं, "माडीवरची चोळी कोणी घातली होती काय?"

शिवकामीनं कमरेवर हात ठेवले. ती राजेश्वरीच्याही दीडपट होती. "माझा एक दंड तरी जाईल काय त्यात, अक्का?" आणि दोघी हसल्या. हसू ओसरल्यावर शिवकामी म्हणाली, "पण तुम्ही दुपारी वर जाता ना? मागच्या अंगणात भांडी घासताना मला वरून आवाज येतो."

"मी झोपलेली असते."

"मग मांजर असेल," शिवकामी म्हणाली आणि राखेचा हात पुन्हा भांड्यावर चालवू लागली.

रात्री जेवताना राजेश्वरीनं मुरलीपुढे विषय काढला. तो शांतपणे ऐकत होता. या घरचे लोक दाराबाहेर तमिळ बोलत, आत आजोबा-पणजोबांची जुनी मराठी.

"डॉक्टरीण बोलल्या नव्हत्या काय, विसरायला होईल म्हणून?" तो म्हणाला. "तूंच घालून पाहिली असशील. घाम आला असेल. मग विसरलीस."

"माझ्या अंगांत ती येते तरी काय?"

मुरलीनं तिच्याकडे पाहिलं, आणि भातावर ताक ओतून घेतलं.

३

एकादशीला ती गोविंदपुरमला गेली. विठ्ठलाच्या देवळात भजन होतं. मुरलीची आत्या मीनाक्षीबाई तिथंच जवळ राहत. सत्तरी उलटली होती, पण सुईत दोरा स्वतः ओवत. खांबाला टेकून बसलेल्या बाईंना राजेश्वरीनं नमस्कार केला. बाईंनी तिला निरखून पाहिलं आणि गोंधळल्या.

"राजी? तूं? अगे, मागच्या एकादशीला आलीस तेव्हां केवढी बारीक होतीस!"

"मागच्या एकादशीला मी आलें नाहीं, आत्याबाई. गुडघे दुखत होते."

"नाहीं कशी? ह्या पलीकडच्या खांबाशीं बसली होतीस. लांब वेणी. लाखी चोळी. मी म्हटलें, किती शोभत्येस गे, बारीक झालीस. तूं लाजलीस." त्यांनी राजेश्वरीच्या आखूड केसांवरून हात फिरवला आणि मधेच काढून घेतला. "मात्र घाम फार येत होता तुला. पदरानें सारखी मान पुशीत होतीस."

टाळ वाजत होते. पलीकडच्या खांबापाशी कोणी नव्हतं. फरशीचा तेवढाच तुकडा काळसर दिसत होता, जसा ओल्या फडक्यानं नुकताच पुसल्यावर दिसतो. राजेश्वरीनं स्वतःला समजावलं, म्हातारं माणूस आहे, दोन वर्षांपूर्वीचं आठवलं असेल. आजार कळायच्या आधीच्या त्या महिन्यांत ती खरोखरच बारीक होत होती. अन्नावर वासना नव्हती, रात्री अंथरूण घामानं भिजे. आणि जो तो म्हणे, काय छान दिसतेस. शाळेतल्या बायका विचारत, काय खातेस? तिला ते आवडायचं. चोळ्या सैल होत तशा ती स्वतः हातानं आत घेई, दुहेरी टाक्यानं, आईनं शिकवला होता तसा.

घरी येताना बसमध्ये तिला एकच गोष्ट खुपत राहिली. आत्याबाईंनी त्या दुसरीचं कौतुक केलं होतं. आणि हिला हेवा वाटला होता.

४

त्यानंतर राजेश्वरीला दुपारी झोप येईना. ती डोळे मिटून पडून राही आणि ऐके.

आधी काही नसे. कावळा, लांबवर एखादी मोटारसायकल. मग चक्की थांबे, आणि तिच्या थांबण्यामागे दडलेला दुसरा आवाज उघडा पडे: माडीवर बांगड्या. काचेच्या, पुष्कळ, सैल. हात वर केला की कोपराकडे घसरत जाणाऱ्या, खाली केला की मनगटावर किणकिणत येणाऱ्या. बारीक हाताच्या बांगड्याच तशा वाजतात. ती झोपाळ्यावर निपचित पडून आपल्या भरलेल्या मनगटाकडे पाही. ते मनगट काही बोलत नसे.

एकदा ती उठून वर गेली. पायऱ्या तिच्याखाली करकरल्या, बांगड्या थांबल्या. खोलीत कोणी नव्हतं. ट्रंक बंद होती. लाखी चोळी तिच्या जागेवर, ओलीच. तिनं उजेडात नेऊन ती उलटी केली.

शिंप्यानं सांगितलेली माया आता उरलीच नव्हती. सगळी शिवणीत गेली होती. तिच्या दुहेरी टाक्याच्या आत आणखी एक ओळ घातली होती, तिच्याच टाक्याची. दोरा नवा होता. त्याच्याही आत, अगदी ताजी, तिसरी ओळ. चोळी आता एखाद्या शाळकरी मुलीच्या मापाची वाटत होती.

मीच करत असेन, तिनं मनाशी म्हटलं. झोपेत, ग्लानीत. औषधांनी डोक्यात धुकं होतं म्हणतात. बोटांना सवय असते, ती आपोआप चालत असतील.

पण बोटं चालतात ती कोणाच्या मापानं?

तिनं ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी दुपारी बांगड्या वाजल्याच. संध्याकाळी तिनं कुलूप काढलं तर चोळी ओली होती, आणि अजून थोडी लहान.

५

एके दिवशी मात्र तिचा डोळा लागलाच. जागी झाली तेव्हा उन्हं भिंतीवरून खाली आली होती. मुरलीच्या जेवणाची वेळ टळली होती. ती धडपडत स्वयंपाकघरात गेली. पान वाढून, जेवून, उचलून झालं होतं. मुरली दुकानात कॉफीच्या बिया चाळत होता. बऱ्याच दिवसांनी खुशीत दिसला.

"उठवलें नाहींत कां मला?"

"कशाला उठवूं? तूंच तर वाढलेंस."

"काय वाढलें मीं?"

"सांबारें, भात, भाजी. अगे, गुणगुणत होतीस. किती दिवसांनीं ऐकलें. मी पाहतच राहिलों."

"तुम्हीं मला पाहिलेंत? तोंड?"

तो थांबला. "चुलीकडे तोंड करून उभी होतीस. मग मागून वाढलेंस. जेवतांना मी कोठें वर पाहतों?"

"जाड होतें की बारीक?"

"हा काय प्रश्न? मी काय तुला वजन करून ओळखतों?" तो चिडून बोलला खरा, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून चाळण बाजूला ठेवून आला. तिचा हात हातात घेतला, आणि क्षणभर घुटमळला.

"काय झालें?"

"आतां थंड आहे. मघां ताक वाढतांना लागला तेव्हां कढत होता. मी म्हटलें, ताप आहे काय गे? तर म्हणालीस, कांहीं नाहीं, उन्हाचें आहे. आणि स्वतः जेवली नाहींस. वासना नाहीं म्हणालीस."

दुकानात गिऱ्हाईक आलं आणि तो गेला. राजेश्वरी बियांच्या पोत्याला धरून उभी राहिली. कांहीं नाहीं, उन्हाचें आहे. हे शब्द तिचे होते. गाठ हाताला लागली त्या आधीचे कित्येक महिने ती हेच म्हणत आली होती.

इतके दिवस तिला वाटत होतं, वर कोणी तिचं सुंदर अंग चोरून घालून बसली आहे. तिच्या आता लक्षात आलं. ते अंग आजारी होतं. त्याला कोणी अजून सांगितलंच नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी बांगड्या वाजू लागल्या तशी ती उठली. पायऱ्या करकरल्या, पण या वेळी आवाज थांबला नाही. दार अर्धं लोटलेलं होतं. आत खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती.

जमिनीवर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. वेणी पार जमिनीवर टेकलेली. लाखी चोळीतून खांद्याची हाडं बाहेर आली होती, आणि पाठ भिजून काळी झाली होती. चोळीची मागची नाडी सुटली होती. दोन बारीक हात मागे येऊन ती चाचपत होते. बांगड्या कोपराशी गोळा झाल्या होत्या.

"कोण तें?" तिनं वळून न पाहता विचारलं. आवाज राजेश्वरीचा, पण किरणांनी घोगरा व्हायच्या आधीचा. "अक्का, इतकी नाडी आवळून द्याल काय? सारखी सैल होत्ये."

तिनं राजेश्वरीला ओळखलं नव्हतं. कोणी जाडी, धापा टाकणारी परकी बाई दारात आली आहे, एवढंच तिला कळलं होतं.

राजेश्वरी गुडघे धरून तिच्या मागे बसली. अंगाची आच तोंडावर आली, तव्याजवळ वाकावं तशी. तिनं नाडी हातात घेतली, गाठ मारली. चोळी तरीही सैल राहिली. आवळायला आत काही उरलं नव्हतं.

"घट्ट," ती पाठमोरीच म्हणाली.

"ह्याहून घट्ट होत नाहीं."

तिनं वेणी पुढे घेतली आणि मान कलती केली. कानाच्या खाली, उन्हाच्या पट्ट्यात, राजेश्वरीला ते दिसलं. तिच्या स्वतःच्या मानेत सुपारीएवढी गाठ होती तेव्हाच डॉक्टरांनी ती पकडली होती. ही वाढत गेली होती. कातडी ताणून चकाकत होती, आणि तिच्या खाली काहीतरी संथपणे वर येऊन खाली जात होतं, जसं झोपलेल्या प्राण्याचं पोट.

"डॉक्टरला दाखव," राजेश्वरी कशीबशी म्हणाली. "आजच. तंजावूरला जा."

ती हसली. बांगड्या मनगटावर घरंगळल्या. "मला काय झालें आहे? सगळे म्हणतात, शोभत्येस." आणि ती हळूहळू वळू लागली. गाल दिसला. गाल कसला, हाडावर ताणलेला कागद.

"अक्का!" खालून शिवकामीनं हाक मारली. "नळाला पाणी आलंय!"

राजेश्वरीनं एकदाच दाराकडे पाहिलं. परत पाहिलं तेव्हा उन्हाच्या पट्ट्यात धूळ होती. तिच्या बोटांवर घाम होता, आणि तो तिचा नव्हता.

७

त्यानंतर माडी शांत झाली. चोळी कोरडी राहिली. मुरली एकदा म्हणाला, "गुणगुणायचें सोडलेंस कां पुन्हां?" दुपारी राजेश्वरी झोपाळ्यावर पडून ऐकत राही आणि न येणाऱ्या आवाजानं तिचा जीव कासावीस होई.

पुढच्या आठवड्यात तिची तंजावूरला तपासणी होती. रक्त देऊन झालं. सौंदर्या नावाची नर्स तिला पहिल्या औषधापासून ओळखत होती. दंडाला पट्टी गुंडाळताना ती म्हणाली, "आज बहिणीला नाही आणलंत?"

"कुठली बहीण?"

"मंगळवारी आली होती की. त्या बाकावर बसून होती. आवाज थेट तुमचा, आणि केवढी लांब वेणी! फार उशीर केलाय हो तिनं. मान बघवत नव्हती."

"काय म्हणाली?"

"विचारत होती, औषधानं दुखतं काय, केस जातात काय. मी म्हटलं, तुमच्या अक्कांचं सगळं पार पडलं, बघा कशा ठणठणीत आहेत. आपला तो फोटो होता ना फोनमध्ये, उपचाराच्या शेवटच्या दिवसाचा, तो दाखवला." सौंदर्या घुटमळली.

"मग?"

"मग काही नाही."

"सांग."

"बराच वेळ बघत बसली. म्हणाली, असं होऊन राहायचं? आणि उठून गेली. नाव पुकारेपर्यंत थांबली नाही. मनाला लावून घेऊ नका, अक्का. भ्यालेलं माणूस काहीही बोलतं."

राजेश्वरी बाहेर आली. ऊन डोळ्यांवर आलं. समोरून कुंभकोणमची बस नुकतीच सुटत होती. मधल्या खिडकीच्या गजाला एक कपाळ टेकलेलं होतं आणि वेणी बाहेर लोंबत होती.

ती पळाली. आजारानंतर ती कधी पळाली नव्हती. अंग तिच्या मागून, पुढून, बाजूंनी पळत होतं. चप्पल सुटली, ती टाकून दिली. लोक वळून बघत होते. "राजी!" ती ओरडली. "अगे राजी, थांब!" स्वतःच्या नावानं भर रस्त्यात ओरडताना तिला लाज वाटली नाही. आतून कोणीतरी पत्र्यावर थापा मारल्या. बस हळू झाली. कंडक्टरनं हात देऊन तिला वर ओढलं.

"कुंभकोणम?"

"दोन द्या."

त्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एका माणसाला दोन कशाला, अम्मा? बसाल हो एका सीटवर."

"दोघी आहोत," ती म्हणाली.

मधल्या खिडकीच्या त्या बाकावर अलीकडची जागा तिच्यासाठी ठेवल्यासारखी मोकळी होती. ती बसली, आणि समोरच्या सीटच्या पाठीकडेच बघत राहिली. डाव्या अंगाला भट्टीची आच लागत होती. तिच्या चकचकीत पत्र्यात तिला स्वतःचं गोल तोंड दिसत होतं आणि त्याच्या कडेला एक दुसरी रेघ, बारीक, हलणारी. तिकडे बघायचा धीर होईना.

वाटेतलं पापनाशम गेलं. केळीच्या बागा गेल्या.

"फार पळालांत, अक्का," शेजारून आवाज आला. अगदी बारीक.

"पळालें. पळतां येतें मला."

बस एका फाटकाशी थांबून पुन्हा निघाली.

"दुखतें काय फार?"

राजेश्वरीला खोटं सांगता आलं असतं. "दुखतें," ती म्हणाली. "फार."

"आणि मग?"

"मग जाड होतें माणूस. चालतांना दम लागतो. केस येतात, पण ते आपले वाटत नाहींत. लोक काय काय बोलतात. आणि भूक लागते. रोज सकाळीं, उठल्या उठल्या, अशी भूक लागते म्हणून सांगूं!"

थोड्या वेळानं तिच्या खांद्यावर काहीतरी येऊन टेकलं. केसांचा स्पर्श झाला, चंदनाचा वास आला, आणि चोळीच्या बाहीतून ओल आत उतरू लागली. पण त्या डोक्याला वजन नव्हतं. वाळलेलं पान टेकावं, तितकंही नाही.

राजेश्वरीनं खांदा हलवला नाही. तिचा खांदा आता रुंद होता, त्यावर जागा पुष्कळ होती.

"घर आलें काय गे?" खांद्यापाशी आवाज आला.

बाहेर ऊन तसंच होतं. रस्ता लांबत चालला होता की काय कोण जाणे. इतक्या वेळात कुंभकोणमच्या अलीकडचं दारासुरमचं देऊळ दिसायला हवं होतं.

"नाहीं अजून," राजेश्वरी म्हणाली. "नीज तूं."